मदत हवी आहे: कॉलेजातला समुपदेशन कक्ष आणि दारातली वही

नमस्कार मंडळी,

बीड जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी सीनियर कॉलेजात भूगोल शिकवते. जूनपासून 'विद्यार्थी समुपदेशन कक्ष' माझ्या गळ्यात आहे. गळ्यात अशासाठी म्हणते, की मानसशास्त्राचे सर तासिका तत्त्वावर होते, ते सोडून गेले आणि स्टाफ मीटिंगला मी नेमकी पहिल्या रांगेत बसले होते. पोरं साधारण अकराशे.

खोली जिमखान्याला लागून आहे. एक टेबल, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात मोडका कॅरम. दार उघडलं की समोर थेट ऑफिसची खिडकी. दाराशी दोरीने बांधलेली वही: अनुक्रमांक, नाव, वर्ग, मोबाईल, समस्येचे स्वरूप, सही. सहा महिन्यांत अकरा नोंदी झाल्या. पहिल्या मुलाने 'अभ्यासात लक्ष लागत नाही' असं लिहिलंय आणि त्याखाली सात जणांनी 'वरीलप्रमाणे'!

दिवाळीनंतर एक मुलगी आली. (ओळख पटेल असं काही लिहीत नाही, तपशील बदललेत.) वही पाहिली, पेन उचललं, स्वरूपाच्या रकान्यात 'बोनाफाईड' लिहिलं आणि निघून गेली. दोन दिवसांनी एसटी स्टँडवर गाठून म्हणाली, "मॅडम, त्या वहीतलं हापिसात जातंय ना? तिथं बसतेत ते आमच्या भावकीतले हायेत."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मग गाडी येईपर्यंत बोलली. आईबाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला कारखान्यावर गेलेत, ही आजीजवळ. पुढच्या हंगामाआधी हिचं लग्न उरकायची बोलणी चालू आहेत. नवरा-बायकोची जोडी झाली की ऊसतोडीचा एक 'कोयता' होतो, उचल म्हणजे आगाऊ पैसे मिळतात. तिला शिकायचंय. तीन आठवडे झोप नाही. गाडी लागली आणि ती गेली. मी तिला नक्की काय म्हणाले ते आता आठवतही नाही.

आता अडचण अशी, की पुढच्या महिन्यात नॅकच्या (कॉलेजचं मूल्यांकन करणारी संस्था) फायलीसाठी प्राचार्यांना 'लाभार्थी विद्यार्थ्यांची यादी, सहीसह' हवी आहे. माणूस वाईट नाही, फाईल भरायचीय त्यांना. पण नावं द्यायला माझं मन धजत नाही. नियम काय सांगतो? आणि मी भूगोलवाली बाई या पोरांशी किती आणि काय बोलू? निधी शून्य आहे. कुणी सगळ्या वर्गांना गूगल फॉर्मवर नैराश्याची प्रश्नावली पाठवा म्हणतंय, ते करू का?

— भूगोलबाई

प्रतिसाद: उंबरठा_पुणे

मॅडम, चौदा वर्षं कॉलेजांत समुपदेशन करतेय. आधी यादीचं बोलते, कारण तिथे तुम्ही भक्कम आहात. २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल १५ मार्गदर्शक सूचना दिल्यात. कायदा होईपर्यंत त्या सगळ्या शिक्षणसंस्थांना बंधनकारक आहेत. त्यात वार्षिक अहवाल मागितलाय, पण नावं वगळून: किती वेळा मदत केली, किती जणांना पुढे पाठवलं, किती प्रशिक्षणं आणि उपक्रम झाले, बस. निकालाची प्रिंट काढा, ते कलम पिवळं करा आणि प्राचार्यांच्या टेबलावर ठेवा.

त्याच सूचनांत १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा असंही आहे. म्हणजे मुलांसोबत कामाचं प्रशिक्षण घेतलेली एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेली व्यक्तीही चालते. 'माणूस मिळत नाही' ही सबब संस्थेला फार काळ पुरणार नाही.

गूगल फॉर्म मात्र कृपा करून नको. पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली मराठीत मिळते, नऊच प्रश्न, सोपी दिसते. पण नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. एखाद्या पोराने शनिवारी रात्री तिथे 'जवळजवळ रोज' लिहिलं आणि तुम्ही फॉर्म मंगळवारी उघडलात तर? उत्तर वाचून त्याच दिवशी त्या पोरापर्यंत पोचणारं माणूस असेल तरच ती प्रश्नावली द्यायची.

तुम्ही किती बोलायचं? ऐकायचं. सल्ला गिळायचा. "मी हे कुणाला सांगणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका वाटला तर सांगावं लागेल" हे पहिल्या पाच मिनिटांत बोलून टाका, नंतर सांगितलं तर फसवल्यासारखं होतं. शंका आली तर सरळ विचारा: जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने डोक्यात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाली तर एकटी सोडू नका, तिच्या विश्वासातलं घरचं माणूस बोलवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मनोविकार विभाग आहे.

प्रतिसाद: जुनाखांब

आमच्या वेळी असली थेरं नव्हती. मास्तर दोन छड्या द्यायचे, टेन्शन पळून जायचं.

प्रतिसाद: लालडबा_लातूर

जुनाखांब, तुमच्या वेळी पळून गेलेली पोरंही होती, त्यांची मोजदाद कुणी ठेवली नाही एवढंच.

भूगोलबाई, मी असल्याच कॉलेजातून शिकलो, म्हणून दोन गोष्टी सांगतो. एक, कक्षाची वेळ. आमच्याकडे 'दुपारी ४ ते ५' अशी पाटी होती आणि गावाकडची शेवटची एसटी साडेचारला. येणार कोण? दोन, फोन. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चांगला आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. पण आमच्या भागात कित्येक पोरींचा फोन भावाच्या हातात असतो, आणि लावलेला नंबर यादीत दिसतो. कक्षातच एक साधा डबडा फोन ठेवा, तिथून लावू द्या, तुम्ही बाहेर उभ्या राहा.

पाटीवर 'समुपदेशन' हा शब्दही काढा. आमच्यात त्याला 'येड्याची खोली' म्हणायचे.

प्रतिसाद: उंबरठा_पुणे

फोनची कल्पना झकास, मीही उचलते. त्या मुलीबद्दल एक राहिलं. वय नक्की करा. १८ च्या आत असेल तर तो बालविवाह आहे आणि १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला कळवायला हवं. १८ च्या वर असेल तर तिच्या मनाविरुद्ध तिच्या वतीने घरी फोन करू नका. आधी तिला काय हवंय ते विचारा. बऱ्याचदा 'निदान परीक्षा होईपर्यंत थांबा' हे घरी सांगणारं कुणीतरी मोठं माणूस एवढंच हवं असतं.

प्रतिसाद: भूगोलबाई

सगळ्यांचे आभार. (जुनाखांब काका, तुमचेही. धागा वर राहिला.)

वहीची दोरी कापली. आता माझ्या पर्समध्ये एक छोटी डायरी आहे, त्यात फक्त क्रमांक आणि तारीख. कक्ष लायब्ररीमागच्या खोलीत हलवला. तिथे पुस्तक बदलायला आल्यासारखं येता येतं. वेळ अकरा ते एक. पाटी नाही.

प्राचार्यांनी प्रिंट दोनदा वाचली. "म्हणजे आकडाच द्यायचा? मग सोपंय की," म्हणाले आणि सही केली. समुपदेशकाच्या नेमणुकीचं कलम मात्र त्यांनी "संस्थेकडे पाठवू" म्हणून बाजूला ठेवलं. ते कुठल्या कपाटात जातं ते मला ठाऊक आहे, मागे लागणार.

मुलगी १८ पूर्ण आहे. मोठ्या मामाचं घरात चालतं म्हणाली. मामाशी आधी ती बोलणार, मग गरज पडली तर मी.

एक शेवटचं विचारते: अंबाजोगाईहून महिन्यातून एकदा कुणी डॉक्टर यावेत म्हणून पत्र द्यायचंय. ते अधिष्ठात्यांच्या नावे द्यावं की थेट विभागप्रमुखांच्या? कुणी असं पत्र दिलं असेल तर मजकूर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.