मदत हवी आहे: ऑफिसातला कचरा वेगळा करायचाय, पण कागदी कपाचं काय करू?

नमस्कार मंडळी,

कामाच्या ठिकाणचा कचरा वेगवेगळा करूनच द्यायचा, हा नियम आता आम्हालाही लागू झालाय. ६० माणसांचं ऑफिस, ॲडमिन माझ्याकडे, त्यामुळे हेही आपसूक माझ्याच गळ्यात. चार डबे आणले: ओला, कागद, प्लास्टिक-धातू आणि उरलेला. चिठ्ठ्या डकवल्या, सगळ्यांना मेल टाकली. आठवड्याभरात कचरा नेणाऱ्याने कागदाची पिशवी न उचलता तशीच दारात ठेवली.

संध्याकाळी हातमोजे घालून ती जमिनीवर उपडी केली. कोणीतरी अर्धी कॉफी असलेला कप तसाच टाकला होता. कॉफी झिरपत खालच्या प्रिंटआउटच्या गठ्ठ्यात उतरलेली. चांगला पांढरा कागद, कारखान्यात जायच्या आधीच लगदा! शिवाय वापरलेले टिश्यू, आतून बबल असलेली पाकिटं, बिलांच्या गुळगुळीत पट्ट्या. केळ्याचं सालही होतं. ते कागदात का, हे मला अजून उमगलेलं नाही.

तर अडचणी अशा. कागदी कपाला आतून पॉलिथिनचा पातळ थर असतो, साध्या लगद्यात तो सुटत नाही, म्हणून मी कप 'उरलेल्या'त टाकायला सांगितले. अकाउंट्सवाले वाद घालतात, "कागदीच ना तो?" दुसरं, प्लास्टिकवरचा बाणांचा त्रिकोण दिसला की लोक ते प्लास्टिकच्या डब्यात बिनधास्त टाकतात. त्यातला आकडा फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो (१ म्हणजे पेट, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलिन), पुनर्वापराची हमी नाही. हे किती वेळा सांगायचं?

पण खरं दुखणं वेगळंच आहे. प्रत्येकाच्या टेबलाखाली छोटा डबा आहे, आणि संध्याकाळी ते सगळे एकाच मोठ्या पिशवीत रिकामे होतात. सफाईच्या मावशींना काय बोलणार, त्यांच्या गाडीला पिशवीच एक लावलेली. हे छोटे डबे काढून टाकू का? कोणी हा उद्योग केलाय?

प्रतिसाद १
केलाय. टेबलाखालचे डबे आधी उचला, बाकी सगळं नंतर. दोन दिवस ओरड होते, मग लोक उठून जातात. चारही डबे कायम शेजारी-शेजारी ठेवा. एकटा डबा दिसला की त्यात सगळंच पडतं. कागदाच्या झाकणाला फक्त फट ठेवा, कप आत जाताच कामा नये. सिंकजवळ एक बादली ठेवा, उरलेली कॉफी तिच्यात. मावशींच्या गाडीला वेगवेगळ्या रंगांच्या पिशव्या द्या आणि मेल टाकायच्या आधी त्यांच्याशी बोला. कप कुठे, हे कचरा नेणाऱ्याकडूनच लिहून घ्या, काही ठिकाणी ते वेगळे घेतात. बिलाची पट्टी नखाने घासा. काळी रेघ उमटली तर तो थर्मल कागद, म्हणजे शाईऐवजी उष्णतेने छापला जाणारा, तो कागदाच्या डब्यात नको.

प्रतिसाद २
बॅटऱ्यांचं कोणी बोललंच नाही! लिथियमचा सेल कचऱ्याच्या गाडीत दाबला गेला तर पेट घेतो. त्यांना वेगळी बरणी करा.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. आत्ताच नखाने घासून पाहिलं, रेघ उमटली! बॅटऱ्यांसाठी बरणीही ठेवली. सोमवारी टेबलाखालचे डबे उचलतेय. साहेबांच्या केबिनमधलाही उचलायचा ना?

प्रतिसाद १
तोच सगळ्यात आधी.