टिक्झमध्ये तीन कड्या एकमेकींत अडकवायच्या कशा?

धागादोरा:
नववीच्या मुलांसाठी गणितावरची एक छोटी पुस्तिका लाटेक या पानं जुळवायच्या प्रणालीत जुळवते आहे. त्यातली दोन पानं गाठींवर आहेत आणि तिथे मला बोरोमियन कड्यांची आकृती हवी आहे. तिन्ही मिळून सुटत नाहीत, पण कुठलीही एक काढली की उरलेल्या दोन मोकळ्या होतात, त्या.

लाटेकमधल्या टिक्झ या आकृत्या काढायच्या पॅकेजात तीन वर्तुळं काढली. केंद्रं मूळबिंदूपासून १ सेंमीवर, ९०, २१० आणि ३३० अंशांच्या दिशेला, त्रिज्या १.५ सेंमी. प्रत्येक वर्तुळाखाली जाड पांढरी रेघ दिली, म्हणजे खालून जाणारी कडी तुटलेली दिसते. पण शेवटी काढलेली कडी बाकी दोघींच्या वर येऊन बसते. क्रम बदलला तरी तेच. आकृतीखाली ‘तीन बांगड्या घेऊन करून पाहा’ असा उपक्रमही द्यायचा आहे.

वरखाली:
क्रम बदलून हे होणार नाही, आणि का होणार नाही हे मुलांनाही जरूर सांगा, कारण या आकृतीचं सगळं मर्म तिथेच आहे. बोरोमियन कड्यांत पहिली दुसरीच्या वर, दुसरी तिसरीच्या वर आणि तिसरी पुन्हा पहिलीच्या वर असते. टिक्झ एकावर एक थर देत जातं, आणि थरांत असं चक्र बसूच शकत नाही. तेव्हा वर कोण आणि खाली कोण, हे कडीगणिक न ठरवता क्रॉसिंगगणिक, म्हणजे दोन रेघा एकमेकींना छेदतात त्या प्रत्येक जागी, ठरवावं लागतं.

तुमच्या मापांत सोपा उपाय आहे. ९० अंशांवरची पहिली, २१०ची दुसरी, ३३०ची तिसरी असं धरा. आधी तिसरी काढा, मग दुसरी, मग पहिली. सहापैकी चार क्रॉसिंग बरोबर आली. राहिली पहिली आणि तिसरी जिथे छेदतात ती दोन. तिसरीच्या केंद्रातून पाहिलं तर ती साधारण ६५ आणि १७५ अंशांवर येतात. म्हणून शेवटी तिसऱ्या वर्तुळाचे दोनच छोटे कंस, ५५ ते ७५ आणि १६५ ते १८५, त्याच पांढऱ्या रेघेसकट पुन्हा काढा. दुसरीशी तिचे छेद १२५ आणि २३५ अंशांवर आहेत, त्यांना धक्का लागत नाही.

क्रॉसिंग वाढली की असे अंश मोजत बसू नका. अँड्र्यू स्टेसी यांची ‘नॉट्स’ ही टिक्झची गाठी काढायची लायब्ररी वापरा. टेक्‌ लाइव्ह या लाटेकच्या संचात ती एसपाथ३ या पॅकेजबरोबर येते. ‘ड्राफ्ट मोड’ला ‘क्रॉसिंग्ज’ दिलं की चित्रात प्रत्येक क्रॉसिंगला क्रमांक दिसतो, मग हवे ते क्रमांक ‘फ्लिप क्रॉसिंग’ने उलटवायचे. एकच दोरा स्वतःला छेदत असेल तर ‘कन्सिडर सेल्फ इंटरसेक्शन्स’ चालू करायला हवं. कंपाइल व्हायला वेळ लागतो, म्हणून आकृती ‘स्टँडअलोन’ या एकट्या आकृतीसाठीच्या लाटेक-क्लासमध्ये वेगळी करून तिची पीडीएफच पुस्तिकेत घ्या.

छापण्याआधी कागदावर प्रत्येक कडीवरून बोट फिरवा. वर, खाली, वर, खाली असंच यायला हवं. एक क्रॉसिंग जरी उलटं राहिलं तरी चित्र तितकंच देखणं दिसतं, पण ती बोरोमियन कडी राहत नाही.

बांगड्यांचा उपक्रम मात्र काढून टाका. अगदी गोल, सपाट, न वाकणाऱ्या तीन कड्यांनी ही रचना होऊच शकत नाही, मापं लहानमोठी घेतली तरी नाही. हे सिद्ध झालेलं आहे. मऊ तार द्या. लंबगोल केल्या की छान जमतात.

धागादोरा:
कंस पुन्हा काढले, जमलं! तारेचं आजच लिहिते. आता शेजारच्या पानावर तीन क्रॉसिंगची साधी गाठ, ट्रेफॉइल, हवी आहे. त्या चौकटीला फिकट पिवळा रंग आहे, त्यामुळे पांढरी रेघ उठून दिसेल.

वक्ररेषा:
ट्रेफॉइलला पांढरी रेघ लागतच नाही. क्ष = साइन ट + २ साइन २ट आणि य = कोसाइन ट − २ कोसाइन २ट हा वक्र घ्या. तो १२० अंशांत फिरवला की स्वतःवरच बसतो, त्यामुळे एकच तुकडा पुरतो. ट १९ ते १३२ अंश एवढाच भाग काढा आणि ‘फोरईच’ या पुनरावृत्तीच्या आज्ञेने तो ०, १२० आणि २४० अंशांत फिरवा. खालून जाणाऱ्या रेघेची टोकं क्रॉसिंगच्या अलीकडेच थांबतात. म्हणजे ती खरीच मोकळी जागा असते आणि मागचा कुठलाही रंग तसाच दिसतो. टिक्झ कोन अंशांत घेतं, रेडियन करू नका. सॅम्पल्स, म्हणजे वक्र काढायला घेतलेले बिंदू, साठेक ठेवा.

‘एक्सस्केल’, म्हणजे आडवं माप, उणे एक केलं की आरशातली ट्रेफॉइल मिळते. दोन्ही शेजारी छापा. पहिली कितीही ओढलीताणली तरी तिची दुसरी होत नाही, हे १९१४ साली माक्स डेन यांनी सिद्ध केलं. त्या पानावर मुलांना दोरीची टोकं जोडून हे करून बघू द्या.