युजर डिरेक्टरी लॉगिन सर्व्हरला ‘जोडणे’ : नेमका शब्द कुठला?

टोकन (ओळख पटल्यावर मिळणारी सही केलेली डिजिटल पावती) देणारा लॉगिन सर्व्हर आणि आधीपासून चालू असलेली एलडॅप डिरेक्टरी (युजरच्या नोंदी ठेवणारा सर्व्हर, त्याच्याशी एलडॅप या प्रोटोकॉलने बोलतात) यांची जोडणी कशी करायची यावर सपोर्टच्या लोकांसाठी मराठीत माहिती लिहितोय. चार-पाच शब्दांपाशी गाडी अडलीये. ऑथेंटिकेशनला प्रमाणीकरण लिहू का, बाइंडला काय म्हणायचं, क्लेमला ‘दावा’ चालेल का, आणि फेडरेशनला काय? सध्या मी सगळीकडे ‘जोडणे’ असंच लिहून मोकळा झालोय. वाचणाऱ्याला पहिल्या वाचनात कळलं पाहिजे, परिपत्रकासारखं वाटायला नको एवढीच अट आहे.

—

प्रमाणीकरण नको. भाषेचं प्रमाणीकरण म्हणतो तेव्हा आपल्याला स्टँडर्डायझेशन म्हणायचं असतं, एकाच शब्दावर दोन ओझी कशाला. सरळ ‘ओळख पटवणे’ लिहा. आणि ऑथोरायझेशनला ‘परवानगी’. हे दोन शब्द वेगळे ठेवणं इथे फार गरजेचं आहे कारण ओऑथ २.० म्हणजे २०१२ चा आरएफसी ६७४९ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या प्रोटोकॉलांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज), हा मुळात परवानगीचा प्रोटोकॉल आहे, ओळख पटवण्याचा भाग त्याच्यावर ओपनआयडी कनेक्टने २०१४ मध्ये चढवला. लोक सर्रास ‘ओऑथने लॉगिन’ म्हणतात, बोलताना चालतं, पण लिहिताना निदान एकदा तरी फरक सांगा.

—

माझा खरा आक्षेप ‘जोडणे’वर आहे. दिसायला निरुपद्रवी शब्द आहे पण त्याच्या पोटात तीन वेगवेगळी कामं आहेत आणि तिघांत पासवर्ड वेगवेगळ्या ठिकाणी तपासला जातो, म्हणजे लॉगिन अडलं की सपोर्टवाल्याने कुठे बघायचं तेही बदलतं.

पहिलं काम म्हणजे आयात. डिरेक्टरीतले युजर लॉगिन सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये आणून ठेवायचे आणि ठराविक वेळाने ताजे करायचे. याला ‘सिंक’ म्हणतात आणि तोच शब्द ठेवा, सगळ्यांना माहितीये. पण नाव, ईमेल, ग्रुप आले म्हणून पासवर्ड आला असं होत नाही. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत (मायक्रोसॉफ्टची डिरेक्टरी) तर पासवर्डचा अ‍ॅट्रिब्यूट (म्हणजे नोंदीतला रकाना) एलडॅपवरून लिहिता येतो, वाचता येतच नाही. त्यामुळे नुसती आयात करून कुणाचं लॉगिन चालू होत नाही.

दुसरं काम विचारणा. युजरने पासवर्ड टाइप केला की लॉगिन सर्व्हर तो डिरेक्टरीलाच विचारतो, बरोबर आहे का म्हणून. बहुतेक ठिकाणी ‘एलडॅपला जोडलं’ म्हणतात ते हेच.

तिसरं काम भरवसा. इथे पासवर्ड लॉगिन सर्व्हरच्या हातात पडतच नाही, दुसऱ्याच एका सर्व्हरने ओळख पटवून सही केलेलं टोकन दिलेलं असतं आणि आपला सर्व्हर त्या सहीवर विश्वास ठेवतो. फेडरेशन या शब्दाचा मूळ रोख हा, पण प्रॉडक्टवाले तो आपापल्या परीने वापरतात. कीक्लोक या लॉगिन सर्व्हरमध्येच बघा, ‘युजर फेडरेशन’ या मेनूखाली एलडॅप येतं म्हणजे आयात आणि विचारणा, आणि भरवशाच्या प्रकाराला तिथे ‘आयडेंटिटी ब्रोकरिंग’ म्हणतात. म्हणून फेडरेशनला महासंघ-बिहासंघ असं काही न करता, मेनूचं नाव जसंच्या तसं देवनागरीत द्या आणि पुढे त्या जागी आयात, विचारणा की भरवसा ते एका शब्दात लिहा.

—

वरच्या प्रतिसादाशी सहमत, आता बाइंडबद्दल. ‘बांधणे’ करू नका, कुणालाच कळणार नाही. बाइंड हे एलडॅपमधल्या एका क्रियेचं नाव आहे, शोध, बदल, तुलना या जशा क्रिया तशीच ही, आणि तिचा अर्थ ‘हे कनेक्शन यापुढे अमुकच्या नावावर’ असा. काय घडतं ते क्रमाने लिहिलंत तर शब्द आपोआप कळेल. लॉगिन सर्व्हर आधी स्वतःच्या सर्व्हिस अकाउंटने (सर्व्हरसाठीच काढलेलं खातं) बाइंड करतो. मग युजरने टाइप केलेलं नाव घेऊन डिरेक्टरीत शोध घेतो, एकच नोंद सापडली तर तिचा पूर्ण डीएन, म्हणजे डिरेक्टरीतला त्या नोंदीचा पूर्ण पत्ता, उचलतो. मग त्या डीएनने आणि युजरने दिलेल्या पासवर्डने दुसरं बाइंड. उत्तर ० आलं तर जमलं, ४९ आलं तर नाव किंवा पासवर्ड चुकीचा. म्हणजे एका लॉगिनमध्ये दोन बाइंड असतात, आणि लॉगमध्ये ४९ दिसला की तो पहिल्याचा की दुसऱ्याचा हे आधी बघायचं. पहिल्याचा असेल तर सर्व्हिस अकाउंटचाच पासवर्ड बदललाय किंवा संपलाय आणि सगळ्यांचंच लॉगिन बंद आहे, एका युजरला पासवर्ड रीसेट करायला लावून काही उपयोग नाही.

आणि एक कळकळीची विनंती, ‘बाइंड यशस्वी म्हणजे ओळख पटली’ असं वाक्य कुठेही लिहू नका. डीएन दिला आणि पासवर्ड रिकामा ठेवला तर काही डिरेक्टऱ्या यशस्वी म्हणून उत्तर देतात, पण ते कनेक्शन निनावी असतं. आरएफसी ४५१३ मध्ये या प्रकाराला वेगळं नाव आहे आणि त्याच्या धोक्याबद्दल स्पष्ट लिहिलंय. तेव्हा रिकामा पासवर्ड लॉगिन सर्व्हरनेच अडवायचा, डिरेक्टरीपर्यंत जाऊच द्यायचा नाही. तसंच टाइप केलेल्या नावात कंस किंवा तारांकन असेल तर शोधाच्या फिल्टरमध्ये टाकण्याआधी ते एस्केप करायचं, म्हणजे साधं अक्षर म्हणूनच वाचलं जाईल असं लिहायचं, नाहीतर शोधाचा अर्थच बदलतो.

—

क्लेमला ‘दावा’ मला खटकतो. दावा म्हटलं की कोर्ट आठवतं नाहीतर खोटं बोलणारा माणूस. ‘माहिती’ का नको?

—

दावाच ठेवा, आणि जी शंकेची छटा तुम्हाला खटकते ना तिच्यासाठीच ठेवा. टोकनमध्ये लिहिलेलं असतं की हा युजर अमुक, याचे ग्रुप अमुक, मुदत अमुक वाजेपर्यंत. हे सगळं टोकन देणाऱ्याचं म्हणणं आहे. सही तपासली, देणारा ओळखीचा आहे, टोकन आपल्याच अ‍ॅप्लिकेशनसाठी काढलंय आणि मुदत उरलीये हे बघितल्यावरच ते खरं धरायचं. ‘माहिती’ लिहिलं की वाचणारा टोकन उघडून आतलं थेट वापरायला लागतो. जेडब्ल्यूटी, म्हणजे नुसती सही केलेलं नेहमीचं टोकन, उघडून वाचणं तर कुणालाही जमतं, साधं बेस६४ प्रकारचं एन्कोडिंग असतं ते, लपवलेलं काही नसतं त्यात.

डिरेक्टरीतला कुठला अ‍ॅट्रिब्यूट कुठल्या दाव्यात जाणार याला ‘जुळवणी’ म्हणा, मॅपिंगला हा शब्द छान बसतो. आणि जुळवणीत सगळ्यात जपायचा दावा म्हणजे ‘सब’, युजरची कायमची ओळख. ओपनआयडी कनेक्टचं स्टँडर्ड सांगतं की तो २५५ अक्षरांच्या आत हवा आणि एकाला दिलेला पुन्हा कधी दुसऱ्याला द्यायचा नाही. इथे ईमेल किंवा लॉगिननाव टाकायचा मोह होतो कारण वाचायला सोपं, पण लग्नानंतर आडनाव बदललं, ईमेल बदलला की तोच माणूस अ‍ॅप्लिकेशनला नवा वाटतो आणि त्याचं जुनं काम दिसेनासं होतं. त्याहून वाईट म्हणजे सोडून गेलेल्याचा ईमेल नव्या माणसाला मिळाला तर जुन्याचं सगळं नव्याला दिसतं. म्हणून एलडॅपमध्ये एन्ट्रीयूयूआयडी आणि अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत ऑब्जेक्टजीयूआयडी वापरायचा, हे डिरेक्टरीने नोंदीला दिलेले न बदलणारे क्रमांक. यातला दुसरा १६ बाइट्सच्या कच्च्या रूपात येतो आणि अक्षरांत लिहिताना त्याच्या पहिल्या तीन भागांतले बाइट उलट क्रमाने घ्यावे लागतात. एका प्रोग्रामने उलटे घेतले आणि दुसऱ्याने सरळ, तर एकाच माणसाच्या दोन ओळखी तयार होतात.

—

‘बेअरर टोकन’ हाही शब्द लागेल, त्यातल्या बेअररला ‘धारक’ लिहा. धारक धनादेश जसा ज्याच्या हातात त्याचा, तसंच हे टोकन, दाखवणाऱ्याला कुणी नाव विचारत नाही. शब्दातूनच कळतं की ते जपून ठेवायचं.

यावरून अजून एक जोडी आठवली, ‘खातं बंद करणे’ आणि ‘टोकन रद्द करणे’. हे दोन्ही एकच समजून लिहिलेलं खूप ठिकाणी दिसतं. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत साधं खातं बंद केलं की त्याचा युजरअकाउंटकंट्रोल (खात्याची स्थिती सांगणारा आकडा) ५१२ चा ५१४ होतो, आणि त्या क्षणापासून नवं बाइंड जमत नाही. पण आधी दिलेलं टोकन? अ‍ॅप्लिकेशन फक्त सही आणि मुदत बघत असेल तर ते मुदत संपेपर्यंत चालत राहतं, डिरेक्टरीला कुणी विचारायलाच जात नाही. म्हणून ‘खातं बंद केलं की प्रवेश बंद’ असं नका लिहू, ‘खातं बंद केलं की नवं लॉगिन बंद, चालू टोकन मुदतीपर्यंत’ असं लिहा. अ‍ॅक्सेस टोकनची मुदत कमी ठेवायची आणि रिफ्रेशच्या वेळी, म्हणजे त्याच्या जागी नवं टोकन घेताना (नूतनीकरणाच्या वेळी म्हणा हवं तर), खातं अजून चालू आहे का हे डिरेक्टरीला पुन्हा विचारायचं. ही विचारणा सेटिंगमध्ये आहे की नाही हे मुद्दाम तपासायला सांगा, कारण आयात केलेल्या नोंदीवरच नूतनीकरण होत असेल तर पुढचं सिंक होईपर्यंत लॉगिन सर्व्हरला खातं बंद झाल्याचं कळणारच नाही.

—

सगळ्यांचे मनापासून आभार. ओळख पटवणे, परवानगी, आयात, विचारणा, भरवसा, जुळवणी, दावा, धारक हे घेतो, बाइंड आणि सिंक तसेच ठेवतो. ‘जोडणे’ शीर्षकापुरतं. एकच राहिलं, डिरेक्टरीला ‘निर्देशिका’ करू का?

—

नको. निर्देशिका म्हटलं की फोन नंबरांचं पुस्तक डोळ्यासमोर येतं, आणि नुसतं डिरेक्टरी म्हटलं तर तुमची सपोर्टची माणसं फाइलींचा फोल्डर समजतील. दर वेळी ‘युजर डिरेक्टरी’ असं पूर्ण लिहा, दोन अक्षरं जास्त गेली तरी चालतील.