ग्लायोमाच्या (मेंदूतल्या एका प्रकारच्या गाठीच्या) पेशी रेडिएशननंतर नेमक्या कशा मरतात?

सायली_बायोटेक:
एमएस्सीच्या सेमिनारसाठी उंदीर आणि रॅटमधल्या ब्रेन ट्यूमर मॉडेल्सवर वाचतेय, ९एल, यू८७ वगैरे (ही गाठीच्या पेशींच्या वाणांची नावं). डीएनए तुटला की अपॉप्टोसिस (पेशीने ठरल्या क्रमाने स्वतःला संपवणं), एवढंच डोक्यात होतं, पण रेडिएशननंतर २४ तासांनी ट्युनेल स्टेनमध्ये (अपॉप्टोसिसमध्ये डीएनएचे तुकडे झालेल्या पेशी रंगवणारी चाचणी) पॉझिटिव्ह पेशी थोड्याच दिसतात आणि तरी गाठीची वाढ मंदावते, मग या पेशी मरतात कधी?

रेडबायो_नाशिक:
अगं बहुतेक पेशी किरण लागल्या लागल्या मरतच नाहीत, विभाजनाला जातात तेव्हा मरतात. डीएनएचे दोन्ही धागे तुटलेले, रिपेअर अर्धवट, तरी पेशी माइटोसिसमध्ये, म्हणजे विभाजनात, शिरते आणि क्रोमोसोम नीट वाटलेच जात नाहीत, हीच माइटोटिक कॅटॅस्ट्रोफी. कधी पहिल्याच विभाजनात, कधी दोन-तीन पार पडल्यावर. एच अँड ई (नेहमीच्या रंगाच्या) स्लाइडवर फुगलेल्या पेशी, एकीतच तीन-चार केंद्रकं आणि कडेला बारीक मायक्रोन्यूक्लिआय (सुटी पडलेली छोटी केंद्रकं) शोध, यातल्या पुष्कळ ट्युनेलमध्ये येत नाहीत. आणि त्याच प्राण्याचा हिप्पोकॅम्पस (मेंदूतला स्मरणशक्तीचा भाग) बघ, तिथल्या निरोगी, विभाजन होणाऱ्या पेशी मात्र काही तासांतच अपॉप्टोसिसने जातात. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो, कारण स्मरणशक्तीवरचे साइड इफेक्ट याच्याशी जोडलेले आहेत.

स्लाइडवाली_ताई:
पी५३ विसरू नकोस, डीएनए बिघडला की पेशीला थांबवणारा किंवा मारणारा जीन. ९एलमध्ये तो म्युटेटेड, यू८७मध्ये शाबूत, त्यामुळे यू८७च्या बऱ्याच पेशी मरत नाहीत तर पी५३ने चालू केलेल्या पी२१ या प्रोटीनमुळे त्यांचं विभाजन कायमचं थांबतं, म्हणजे सेनेसन्स, म्हणून अशा पेशी दाखवणारा बीटा-गॅल स्टेनपण लाव. शिवाय गाठीच्या मध्यभागी ऑक्सिजन कमी असतो, तिथल्या पेशी मारायला अडीच-तीन पट डोस लागू शकतो. २००६ मध्ये नेचरमध्ये आलेलं सीडी१३३ हे प्रोटीन असलेल्या ग्लायोमा पेशींवरचं काम वाचच, या स्टेमसारख्या पेशी चेकपॉइंट (दुरुस्तीसाठी विभाजन रोखणारी यंत्रणा) पटकन चालू करून डीएनए दुरुस्त करतात आणि तगतात. नुसतं 'किती मेल्या' मोजू नकोस, वाचल्या कोण तेही बघ, गाठ परत येते ती त्यांच्यातूनच.

काळजीत_मुलगा:
मध्येच विचारतो, माफ करा. बाबांना ग्लायोब्लास्टोमा (ग्लायोमाचाच आक्रमक प्रकार) आहे, ३० सिटिंगमध्ये रेडिएशनचा ६० ग्रे डोस झाला, महिन्याने एमआरआयमध्ये गाठ मोठी दिसतेय. म्हणजे पेशी मेल्याच नाहीत का?

रेडबायो_नाशिक:
दादा, तसंच असेल असं नाही. पहिल्या तीन महिन्यांत सूज आणि रक्तवाहिन्या झिरपल्यामुळेसुद्धा गाठ वाढल्यासारखी दिसते, त्याला स्यूडोप्रोग्रेशन म्हणतात. खरी वाढ आहे का हे एका स्कॅनवर पक्कं सांगता येत नाही. डॉक्टरांना परफ्यूजन एमआरआयबद्दल (गाठीतला रक्तप्रवाह दाखवणारा स्कॅन) विचारा आणि पुढचा स्कॅन चुकवू नका. डोकेदुखी, उलट्या किंवा अशक्तपणा वाढला तर मात्र तारखेची वाट न बघता लगेच दाखवा.