रेटिनोब्लास्टोमा (लहान मुलांच्या डोळ्यातला कॅन्सर) डोळ्याबाहेर गेलाय, इम्युनोथेरपीचं (शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच कॅन्सरशी लढायच्या उपचाराचं) काही खरं आहे का?

भाचीचा मामा:
भाची अडीच वर्षांची आहे, संगमनेरजवळ असते. दिवाळीच्या फोटोंत तिचा डावा डोळा पांढरा चमकत होता, आम्ही म्हटलं फ्लॅशमुळे असेल, त्यातच तीन महिने गेले. आता डोळा काढलाय, पण रिपोर्टात ऑप्टिक नर्व्ह (डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस) जिथे कापली तिथपर्यंत कॅन्सरच्या पेशी निघाल्या. मुंबईत केमो चालू आहे, दोन सायकल झाल्या, पुढे रेडिएशन म्हणतायत. दाजींना व्हॉट्सॲपवर आलंय की आयआयटीने कॅन्सरवर कार-टी काढलीये. आणि एक क्लिनिकवाला म्हणतो केमो थांबवा, आमची इम्युनो लस घ्या, 6 लाख. दाजी जमीन विकायला निघालेत. कुणाला यातलं कळतं का?

ओपीडीवाली:
आधी क्लिनिकवाल्याचा नंबर ब्लॉक करा. चालू केमो थांबवायला सांगतो तिथेच कळलं की काय ते.

आयआयटीची गोष्ट खरी आहे पण ती तुमच्या कामाची नाही. कार-टी म्हणजे पेशंटच्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी लॅबमध्ये बदलून परत देतात. आयआयटीच्या कार-टीला, नेक्सकार19 ला, 2023 मध्ये परवानगी मिळाली, ती बी-सेलच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी. त्या पेशी सीडी19 नावाची खूण बघून हल्ला करतात आणि रेटिनोब्लास्टोमाच्या पेशींवर ती खूणच नसते, मग त्या धरणार कुणाला?

याच्यावर जीडी2 नावाची दुसरी खूण असते, तिच्यावरच्या कार-टीचं काम बरंचसं उंदरांवर झालंय. जीडी2 वरचं एक अँटिबॉडी औषध अमेरिकेत 2015 पासून आहे पण ते न्यूरोब्लास्टोमासाठी, म्हणजे मुलांच्या नसांच्या पेशींतल्या कॅन्सरसाठी, नावं सारखी वाटतात म्हणून लोक गल्लत करतात. शिवाय नसांवरही जीडी2 असतो, त्यामुळे त्या औषधाने पोरांना भयंकर दुखतं. बार्सिलोनात आरबी1 (हा जीन बिघडला की रेटिनोब्लास्टोमा होतो) बिघडलेल्या पेशींतच वाढेल असा व्हायरस बनवून डोळ्यात इंजेक्शनने दिला, 2019 ला पेपर आला, पण ते डोळ्याच्या आतल्या गाठीसाठी. तुमच्याकडे डोळाच काढलाय.

भाचीचा मामा:
म्हणजे केमोशिवाय काहीच नाही?

ओपीडीवाली:
"केमोशिवाय" असं का म्हणताय, त्याच्यावरच तर सगळी भिस्त आहे. केमो आणि रेडिएशन दोन्ही वेळेवर होऊ द्या, तारीख चुकवू नका. आणखी पसरलंच तर हाय-डोस केमो देऊन मुलाच्याच आधी काढून ठेवलेल्या स्टेम सेल (रक्त तयार करणाऱ्या पेशी) परत देतात, त्याबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. ट्रायल असेल तर तेच सांगतील, आणि ट्रायलच्या औषधासाठी कुणी जमीन विकायला लावत नाही. आरबी1 ची रक्ततपासणी झाली का? हा बिघाड घरात चालत येऊ शकतो, म्हणून भाचीला भावंडं असतील तर त्यांचे डोळे बाहुली मोठी करून तपासून घ्या, उजवा डोळापण दर वेळी.

चिऊची आई:
मामा, आमच्या चिऊचा पण एक डोळा काढलाय, तेव्हा ती दीड वर्षाची होती, आता शाळेत जाते. आम्हीपण असल्या एका लसवाल्याकडे 40 हजार घालवलेत, नंतर डॉक्टर ओरडले तेव्हा अक्कल आली. मुंबईत राहायचं काय करताय? सेंट ज्यूडच्या सेंटरमध्ये कॅन्सरच्या मुलांना आईबापासकट फुकट राहता येतं, हॉस्पिटलच्या सोशल वर्करला विचारा, आमचं तिथूनच झालं. कृत्रिम डोळ्याचं डॉक्टर सांगतील तेव्हाच, घाई नको.

भाचीचा मामा:
तिचा भाऊ पाच महिन्यांचा आहे, त्याला कुणी बघितलंच नाही अजून. तिसरी सायकल सोमवारी आहे, ताईला सांगतो त्यालाही घेऊनच ये. दाजींना हे सगळं वाचून दाखवलं, गप्प बसलेत, पण जमिनीचं उद्याचं गिऱ्हाईक नको म्हणून कळवलंय.