तीन करडं अचानक गेली. आंत्रविषार असेल का?

प्रश्न (सांगोला)
नमस्कार मंडळी. एकवीस उस्मानाबादी शेळ्या आहेत. चार दिवसांत तीन करडं गेली, तिन्ही कळपातली सगळ्यात तुकतुकीत. पाऊस झाला, बांधावर कोवळं गवत फुटलं, त्यात लवकर वजन भरावं म्हणून मी मक्याचा भरडा एकदम दुप्पट केला. तिसरं माझ्या डोळ्यांदेखत गेलं. मान पाठीकडे ताणली, पाय झाडत राहिलं, अर्ध्या तासात संपलं. त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. शेजारी म्हणतात, विषारी पाला खाल्ला. पण मोठ्या शेळ्या त्याच बांधावर चरतात, त्या धडधाकट आहेत.

उत्तर (पशुवैद्यक)
दादा, लक्षणं आंत्रविषाराची वाटतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स, डी प्रकार. हा जंतू मातीत असतो आणि निरोगी शेळीच्या आतड्यातही थोडाफार असतोच. भरडा जास्त झाला की न पचलेला स्टार्च लहान आतड्यात उतरतो. तिथं हवा नसते, जंतूला तेच हवं असतं. तो भराभर वाढून विष सोडतो, ते रक्तातून मेंदूपर्यंत जातं. म्हणून जे करडू दाबून खातं, तेच आधी जातं. औषधाला वेळच मिळत नाही.

भरडा आजच बंद करा. पुढं वाढवायचा तर मूठमूठ. डॉक्टरांना बोलावून सगळ्या कळपाला आंत्रविषाराची (ईटी) लस टोचून घ्या, दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस, मग दरवर्षी पावसाआधी. लस 2 ते 8 अंशांत ठेवलेली हवी, गोठलेली नको. आणखी एखादं गेलं तर लगेच शवविच्छेदन करून घ्या. मात्र नाकातोंडातून रक्त आलं असेल तर अजिबात कापू नका, काळपुळी (अँथ्रॅक्स) असू शकते.

उत्तर (माण)
आम्ही पावसाळ्यात आधी कडबा खाऊ घालतो, मगच कळप सोडतो. गाभण शेळीला विण्याच्या महिनाभर आधी लस द्या, चिकातून करडाला ताकद मिळते. माझं दीड वर्षाचं खोंड फऱ्या रोगानं गेलं, मांडी दाबली की चरचर वाजायची. तोही याच कुळातला जंतू. या जंतूंचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतात. मेलेली करडं कुठं टाकलीत?

प्रश्नकर्ता
ओढ्याकाठी, उघड्यावरच. चुन्याची गोणी आणलीय. पोराला घेऊन खड्डा खणायला निघालोय. डॉक्टर उद्या सकाळी येतायत.