शिमला: सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपेल का?

दौलतगंजची_सून
नमस्कार मंडळी. मे महिन्यात ग्वाल्हेरचा तवा कसा तापतो ते सांगायला नको. यंदा शिमल्याचं ठरतंय. आम्ही दोघं, दहावी झालेला मुलगा आणि सासूबाई. त्यांचं वय 74, गुडघे कुरकुरतात. पण हट्ट त्यांचाच आहे, आणि तोही शिमल्याचा नाही, गाडीचा! माहेर सबलगढचं, लहानपण सगळं आपल्या ग्वाल्हेर–श्योपूरच्या छोट्या (नॅरोगेज) गाडीत गेलेलं. 2020 मध्ये श्योपूरची गाडी बंद पडली तेव्हापासून एकच घोषा, "आता कालक्याची तरी दाखवा." म्हणजे कालका–शिमल्याची छोटी गाडी. एक हॉटेलवाला फोनवर म्हणाला, 'मॉल से बस पाँच मिनट', मॉल म्हणजे तिथला मुख्य बाजाररस्ता. भरून टाकू का पैसे? आणि गाडीत एवढा वेळ बसवेल त्यांना?

जनकगंजकर
वहिनी, थांबा! पैसे भरू नका.

आईला घेऊन गेलो होतो तेव्हा मलाही हीच पाच मिनिटं सांगितली होती. माणूस खोटं बोलला नाही, फक्त ती पाच मिनिटं उभी होती. मॉलवरच्या दोन दुकानांच्या मधून एक बोळ खाली उतरतो, आणि बोळ कसला, जिनाच. 112 पायऱ्या. मी मोजल्या, कारण दर पंधराएक पायऱ्यांनी आई टेकायची आणि मला दुसरा उद्योग नव्हता. कठडा एकाच बाजूला, तोही मध्येच संपलेला. चढताना निदान दम लागतो म्हणून थांबता येतं, उतरताना गुडघा जीव काढतो. शेवटी आई माडीवरून शिडीने उतरावं तशी पाठमोरी उतरली, पदर खोचून, दोन्ही हातांनी कठडा धरून. चार दिवसांत मॉलवर दोनदाच आली. बाकी वेळ खोलीत बसून स्वेटर विणला. ग्वाल्हेरातही विणला असताच की!

तेव्हा शिमल्यात अंतर विचारायचं नाही, पायऱ्या विचारायच्या. मॉल आणि रिजवर (मॉललगतच्या मोकळ्या चौकात) गाड्यांना बंदी आहे, टॅक्सी खाली कार्ट रोडला सोडते. तिथून मॉलवर यायला सरकारी लिफ्ट आहे, दोन टप्प्यांची. एकीतून उतरून थोडं चालायचं, मग दुसरी. संध्याकाळी रांग लागते, म्हणून तुमच्या सासूबाईंना साडेतीन-चारलाच वर न्या. हॉटेल कार्ट रोडवरच बघा, लिफ्टजवळ. खिडकीतून देवदार दिसणार नाहीत, हॉर्न ऐकू येतील, पण त्या रोज रिजवर बाकावर बसून चर्चकडे बघत शेंगा खातील. सामान स्वतः उचलू नका. पाठीवर दोर लावून ओझी नेणारे काश्मिरी हमाल भेटतात, तिकडे त्यांना 'खान' म्हणतात. भाव आधी ठरवा.

गाडीबद्दल. 96 किलोमीटरला पाच तासांच्या वर लागतात, म्हणजे सायकलपेक्षा थोडी बरी. पहिले दोन तास आई खिडकीला चिकटून होती, पुढे कंडाघाटनंतर पाय आखडले. बडोगला गाडी थांबते, तिथे उतरून पाय मोकळे करून घ्या, कटलेटही चांगले असतात. जाताना गाडीने, येताना टॅक्सीने, असं करा. रुळ आपल्या छोट्या गाडीएवढेच, आईंना घरच्यासारखं वाटेल.

आणि जाखूला, म्हणजे टेकडीवरच्या मारुतीच्या देवळात, चष्मा खिशात! माकडाने बाबांचा नाकावरून नेला. एका पोराने प्रसादाची पुडी टाकून परत मिळवला, एक काडी वाकडी करून. बाबा अजून तोच वापरतात.

निवृत्त_गार्ड
जनकगंजकर, बाकी सगळं मान्य, पण रुळ आपल्याएवढे नाहीत. आपले शिंदेशाही रुळ 2 फुटी, कालक्याचे अडीच फुटी. तुम्हाला अर्ध्या फुटाने काय होतं असं वाटेल, पण डब्यात बसल्यावर कळतं.

ताई, ती लाइन 1903 ची, आज 102 बोगदे आहेत. सगळ्यात लांब बडोगचा, 1100 मीटरच्या वर. तो आला की आईंना आधी सांगून ठेवा, एकदम अंधार होतो. 2008 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, त्यामुळे मेमध्ये तिकिटं ऐन वेळी मिळत नाहीत. आधी कालका–शिमला मिळतंय का ते बघा, मग दिल्लीपर्यंतचं आणि तिथून सकाळच्या कालका शताब्दीचं काढा. लोक उलटं करतात आणि कालक्याला टॅक्सी शोधत बसतात. आणि हे जुलै-ऑगस्टवर ढकलू नका. 2023 च्या ऑगस्टमध्ये समर हिलजवळ खालचा डोंगर वाहून गेला आणि रूळ हवेत लोंबत राहिले होते.

मुलाला व्हाइसरीगल लॉज, म्हणजे इंग्रज व्हाइसरॉयचा जुना वाडा, दाखवा. 1945 ची शिमला परिषद तिथेच झाली. सोमवारी बंद असतं.

दौलतगंजची_सून
जनकगंजकर भाऊजी, आज परत फोन केला. विचारलं, "भैया, सीढ़ियाँ कितनी हैं?" बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "माताजी धीरे-धीरे आ जाएँगी." ठेवला फोन.

कार्ट रोडवरचं एक बघितलंय, खोली तळमजल्यावर आहे. काका, कालका–शिमलाची चार तिकिटं मिळाली, पण दोन एका डब्यात, दोन दुसऱ्या. जागा बदलून देतात का लोक? सासूबाईंना त्याची चिंता नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "त्या गाडीच्या टपावर बसू देतात का गं?"